क्लिंटन हायस्कूल, टेनेसी : लिटल रॉकच्या एक वर्ष आधीची गोष्ट

नदीकाठ

अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद म्हटलं की बहुतेकांना लिटल रॉक आठवतं. १९५७ साल, अर्कान्सा, गोऱ्यांच्या शाळेत निघालेली नऊ कृष्णवर्णीय मुलं आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने पाठवलेलं लष्कर. त्याच्या आदल्याच वर्षी पूर्व टेनेसीतल्या क्लिंटन नावाच्या छोट्या गावात एका सरकारी हायस्कूलमध्ये बारा कृष्णवर्णीय मुलामुलींनी पाऊल ठेवलं होतं. आम्ही इथून जवळच राहतो. माझ्या मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात लिटल रॉकला दोन पानं आहेत आणि क्लिंटनला एक ओळ. म्हणून हा धागा.

क्लिंटन हे अँडरसन काउंटीचं मुख्य ठिकाण, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं. क्लिंच नदी, मधोमध कोर्टाची इमारत, पायमोजे बनवणारी मॅग्नेट मिल. पन्नासच्या दशकात वस्ती चारेक हजारांची. कृष्णवर्णीय कुटुंबं थोडीच होती आणि त्यातली बरीचशी गावाला लागून असलेल्या टेकडीवर राहायची. टेकडीवर त्यांची प्राथमिक शाळा होती, ग्रीन मॅकॅडू. आठवीपर्यंत तिथे शिकायचं. पुढचं हायस्कूल टेकडीच्या पायथ्याशी, डोळ्यांसमोर, पण ते गोऱ्यांचं. टेनेसीच्या १८७० च्या राज्यघटनेतच लिहिलं होतं की गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत घ्यायचं नाही. त्यामुळे ही मुलं पहाटे उठून बसने वीसेक मैलांवरच्या नॉक्सव्हिलला जायची, ऑस्टिन हायस्कूलला.

१९५० मध्ये काही पालकांनी काउंटीच्या शिक्षण मंडळावर केस घातली. मॅकस्वेन विरुद्ध अँडरसन काउंटी. फेडरल न्यायाधीश रॉबर्ट टेलर यांनी १९५२ मध्ये निकाल पालकांच्या विरोधात दिला. नॉक्सव्हिलला पाठवता ना, मग झालं, असा त्याचा मथितार्थ. मग मे १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्राऊन खटल्याचा निकाल आला (वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा), अपील कोर्टाने क्लिंटनची केस परत टेलर यांच्याकडे पाठवली आणि जानेवारी १९५६ मध्ये त्याच टेलर यांनी हुकूम काढला : येत्या हंगामापासून क्लिंटन हायस्कूलमध्ये या मुलांना प्रवेश द्यायचा.

२७ ऑगस्ट १९५६, सोमवार. बारा मुलं ग्रीन मॅकॅडूपाशी जमली आणि टेकडी उतरून चालत शाळेत गेली. आत आठशेच्या आसपास गोरे विद्यार्थी. गेटवर फलक घेऊन मोजकी माणसं. तो दिवस तसा शांत गेला. पुढचं प्रतिसादांतून लिहिते, कारण कोणाला किती रस आहे ते पाहायचंय.

---

चिंचपोकळी

रस आहे, लिहा. एक प्रश्न. माझा मावसभाऊ ओक रिजच्या नॅशनल लॅबमध्ये आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ओक रिजच्या शाळा आधीच एकत्र झाल्या होत्या. मग क्लिंटनचं वेगळेपण काय?

---

नदीकाठ

तुमच्या भावाचं बरोबर आहे. ओक रिजच्या शाळांमध्ये सप्टेंबर १९५५ मध्येच कृष्णवर्णीय मुलं आली. पण ओक रिज हे अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी वसवलेलं गाव. तेव्हा ते अणुऊर्जा आयोगाच्या ताब्यात होतं आणि निर्णय वॉशिंग्टनमधून व्हायचे. क्लिंटनची शाळा राज्याची आणि काउंटीची. तिथल्या शिक्षण मंडळावर गावातलेच लोक, मुख्याध्यापक गावात राहणारे, पोलीस गावचे. दक्षिणेत राज्याच्या अखत्यारीतलं पब्लिक हायस्कूल कोर्टाच्या हुकमाने एकत्र होण्याची ही पहिली वेळ, म्हणून क्लिंटनचं महत्त्व. ओक रिज आठ-दहा मैलांवर आहे आणि या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

---

रुपाली_अटलांटा

पहिला दिवस शांत गेला म्हणालात, मग बिघडलं कुठे?

---

नदीकाठ

जॉन कॅस्पर नावाचा एक तरुण. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी बाहेरून गावात आला आणि दारोदार फिरून लोकांना भडकवायला लागला. दक्षिणेचा नव्हताच तो. न्यू जर्सीत जन्मलेला, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला आणि कवी एझ्रा पाउंडचा भक्त. सुरुवातीला लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, पण आठवडाभरात कोर्टासमोरच्या हिरवळीवर गर्दी वाढत गेली. न्या. टेलर यांनी कोर्टाच्या अवमानाबद्दल त्याला आत टाकलं, तर अलाबामाहून एसा कार्टर हा वर्णभेदवादी आला आणि त्याने सभा गाजवली. हाच कार्टर पुढे अलाबामाचा वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेसची भाषणं लिहायचा.

लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीत तर कहर झाला. गावातून जाणाऱ्या हमरस्त्यावर जमाव उभा, गाडीत काळा माणूस दिसला की गाडी गदागदा हलवायची, काचा फोडायच्या. यातली कित्येक माणसं क्लिंटनची नव्हतीच, सुट्टीला निघालेले प्रवासी होते. गावच्या पोलीस दलात बोटावर मोजण्याइतकी माणसं. शेवटी गावातल्याच दोन वकिलांनी पुढाकार घेऊन चाळीसेक नागरिकांचं पथक उभं केलं आणि एक रात्र कशीबशी सांभाळली. गव्हर्नर फ्रँक क्लेमंट यांनी आधी हायवे पोलीस धाडले आणि मागोमाग नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव लष्करी दलाचे, सहाशेवर जवान, रणगाड्यांसकट. चार हजार वस्तीच्या गावात कोर्टासमोर रणगाडे.

आता मला ज्याच्यासाठी धागा काढावासा वाटला तो मुद्दा. पुढच्या वर्षी अर्कान्साचे गव्हर्नर फॉबस यांनीही नॅशनल गार्डच बोलावलं, पण नऊ मुलांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. क्लेमंट यांनी तेच दल आणलं ते शाळा सुरू राहावी म्हणून. जगाच्या लक्षात फॉबस राहिले.

---

आर्कान्सावासी

मी लिटल रॉकजवळ बारा वर्षं राहतोय, म्हणून भर घालतो. नऊ मुलं सेंट्रल हायस्कूलमध्ये गेली इथपर्यंतच लोकांना माहीत असतं. त्यानंतर १९५८-५९ चं अख्खं शैक्षणिक वर्ष लिटल रॉकची सगळी पब्लिक हायस्कुलं बंद होती. एकत्र शिकवण्यापेक्षा कोणालाच नको शिकवायला, हा विचार. इथले जुने लोक त्याला हरवलेलं वर्ष म्हणतात. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर कमाल केली. १९५९ ते १९६४ पाच वर्षं पब्लिक शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी कितीतरी जण शिक्षणाला कायमचे मुकले.

त्या मानाने क्लिंटनची शाळा सुरू राहिली ही लहानसहान गोष्ट नाही.

---

गणूमास्तर

मी ३४ वर्षं माध्यमिक शाळेत होतो, त्यातली ९ मुख्याध्यापक म्हणून. त्यामुळे मला या सगळ्यात मुख्याध्यापकाचं काय झालं ते कळून घ्यायचं आहे. गाव पेटलंय, खिडकीतून जमाव दिसतोय आणि तासाची घंटा तर वेळेवर द्यायलाच हवी. ताई, त्यांच्याबद्दल काही माहिती असेल तर द्या.

---

नदीकाठ

मास्तर, नक्की. त्यांचं नाव डी. जे. ब्रिटन. एकत्रीकरणाच्या बाजूचे ते मुळीच नव्हते, गावातले बहुसंख्य गोरे लोकही त्या बाजूचे नव्हते. पण कोर्टाचा हुकूम आला म्हटल्यावर ते आणि गावातली जबाबदार मंडळी एका भूमिकेवर ठाम राहिली : आम्हाला पटो न पटो, कायदा आहे, तो पाळायचा. स्थानिक साप्ताहिकाचे संपादक होरेस वेल्स यांचीही तीच भूमिका. ब्रिटन यांनी शाळा उघडण्याआधी महिनोन् महिने विद्यार्थी आणि शिक्षकांशी बोलून तयारी करून घेतली होती. पहिला दिवस शांत गेला त्यात त्या तयारीचा वाटा मोठा.

त्याची किंमत त्यांनी मोजली. रात्रभर धमक्यांचे फोन. ब्रिटन दांपत्याला नीट झोप म्हणून मिळाली नाही. ते शैक्षणिक वर्ष त्यांनी तडीला नेलं आणि मग ते क्लिंटन सोडून गेले.

---

गणूमास्तर

वर्ष तडीला नेलं, हे वाचून बरं वाटलं. मधेच सोडून गेले असते तर कोणी दोष दिला नसता. मुख्याध्यापकाने आपलं मत बाजूला ठेवून शाळेच्या आवारात एकच नियम सगळ्यांना लावायचा, हे बोलायला सोपं आहे. गावात राहून, त्याच वाण्याकडे जाऊन, त्याच प्रार्थनेला बसून ते करणं फार अवघड.

---

माणदेशी

धागा मनापासून आवडला, पण एक गोष्ट खटकली ती स्पष्टच लिहितो. इथपर्यंत गव्हर्नर, न्यायाधीश, मुख्याध्यापक, संपादक, वकील सगळ्यांची नावं आली. ज्या बारा जणांवर हे सगळं बेतलं त्यातलं एकही नाव नाही. "आम्हाला पटत नाही पण कायदा पाळतो" हे म्हणणाऱ्याचं कौतुक किती करायचं? पटत नसताना पाळणारा माणूस वर्गाच्या दाराशी रणगाडा आणू शकतो, पण वर्गात शेजारच्या बाकावर बसलेल्याशी बोलायला कोणाला लावू शकत नाही. त्या मुलांचे दिवस कसे गेले?

आमच्या घरात माझ्या आजोबांच्या वेळेस शाळेत वेगळं बसवायचे. ते पोलीस बंदोबस्ताबद्दल कधीच बोलले नाहीत. पाण्याबद्दल आणि मधल्या सुट्टीबद्दल बोलायचे.

---

नदीकाठ

माणदेशी, तुमचा आक्षेप रास्त आहे. आधी नावं लिहिते : बॉबी केन, गेल अॅन एप्स, जो अॅन अॅलन, रोनाल्ड हेडन, अल्वा मॅकस्वेन, मॉरिस सोल्स, रॉबर्ट थॅकर, रेजिना टर्नर, आल्फ्रेड विल्यम्स, विल्यम लेथम, थेरेसर कॅसवेल आणि मिनी अॅन डिकी.

यातल्या कोणी हा लढा मागून घेतला नव्हता. बॉबी केन अकरावीपर्यंत नॉक्सव्हिलच्या ऑस्टिनला शिकला होता. तिथे त्याचे मित्र, तिथला त्याचा वर्ग. बारावीचं एक वर्ष राहिलेलं असताना त्याला अनोळखी शाळेत जावं लागलं. सतरा वर्षांच्या पोराला शेवटचं वर्ष मित्रांबरोबर काढावंसं वाटणार नाही का?

जो अॅन अॅलनचं तर वाचताना मला विशेष वाटलं. पहिल्या एक-दोन दिवसांतच तिच्या वर्गाने तिला उपाध्यक्ष म्हणून निवडलं होतं. म्हणजे बाहेरची माणसं येऊन वातावरण नासवण्याआधी त्या खोलीत काहीतरी वेगळं घडू पाहत होतं. पुढे मात्र जिने उतरताना धक्के, मागून टाचांवर पाय देणं, खुर्चीवर टाचण्या, वह्यापुस्तकांवर शाई, लॉकरमध्ये धमकीच्या चिठ्ठ्या. शाळेच्या फुटबॉल टीममधल्या काही मुलांनी कॉरिडॉरमध्ये लक्ष ठेवलं, हेही खरं. पण प्रत्येक तासाला, प्रत्येक वळणावर कोण असणार? डिसेंबरमध्ये अॅलन कुटुंबाने क्लिंटन सोडलं आणि ते लॉस एंजेलिसला गेले. जो अॅन पुढे लहान मुलांच्या वॉर्डात नर्स झाली.

शाळा सुरू राहिली याचा मला अभिमान वाटतो. ती सुरू ठेवण्याचं रोजचं ओझं मात्र या बारा जणांनी वाहिलं.

---

माणदेशी

धन्यवाद ताई. हेच वाचायचं होतं.

---

सह्यगिरी

माणदेशींच्या आजोबांचं वाचून आठवलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांतच घ्यायचा हुकूम काढला होता. वेगळी शाळा काढून देणं सोपं, एका शाळेत बसवणं कठीण, हे त्यांना ब्राऊन निकालाच्या ३५ वर्षं आधी कळलं होतं. आणि कॅस्पर ज्या कोलंबियात शिकला तिथेच १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले होते. एकाच विद्यापीठातून दोन माणसं कुठल्या कुठे गेली!

(मूळ विषय भरकटवायचा नाही, ताई, तुम्ही पुढे लिहा.)

---

रुपाली_अटलांटा

आमच्या चर्चच्या शेजारणीने मला एका पाद्र्याबद्दल सांगितलं होतं, ज्याला मुलांबरोबर चालल्याबद्दल मारहाण झाली. ते क्लिंटनचंच का?

---

नदीकाठ

हो, रेव्हरंड पॉल टर्नर. गावातल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे गोरे पाद्री. नोव्हेंबरच्या शेवटी त्रास इतका वाढला की मुलांनी शाळेत जाणं थांबवलं होतं. ४ डिसेंबर १९५६ ला टर्नर आणि आणखी दोन गोरे गृहस्थ, एक वकील आणि एक मॅग्नेट मिलमधले, टेकडीवर गेले आणि मुलांबरोबर चालत शाळेपर्यंत आले. मुलं आत पोचली. टर्नर एकटे परत चर्चकडे निघाले तेव्हा जमावाने त्यांना गाठलं आणि रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं. शाळेतही त्या दिवशी घुसखोरी झाली. ब्रिटन यांनी शाळा बंद केली, ती १० डिसेंबरला पुन्हा उघडली.

पण त्याच ४ तारखेला गावात मतदान होतं. नगरपालिकेसाठी वर्णभेदवाद्यांनी आपले उमेदवार उभे केले होते. बातमी गावभर झाली आणि संध्याकाळपर्यंत लोक रांगा लावून मतदान करून आले. वर्णभेदवाद्यांचे उमेदवार सपाटून पडले. मतदार बहुतांशी गोरेच होते. पुढे जुलै १९५७ मध्ये नॉक्सव्हिलच्या फेडरल कोर्टात कॅस्पर आणि गावातले सहा जण दोषी ठरले, तेही सगळ्या गोऱ्या ज्युरीकडून. त्या काळच्या दक्षिणेत असा निकाल येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

जानेवारी १९५७ मध्ये नावाजलेले पत्रकार एडवर्ड मरो यांनी सीबीएस या टीव्ही वाहिनीवर क्लिंटनबद्दल पूर्ण कार्यक्रम केला. देशभर बघितला गेला. वर्ष संपायच्या आत लिटल रॉक घडलं आणि क्लिंटन मागे पडलं.

---

चिंचपोकळी

आणि बॉबी केन? पास झाला का?

---

नदीकाठ

झाला! मे १९५७ मध्ये तो क्लिंटन हायस्कूलमधून उत्तीर्ण झाला. दक्षिणेत कोर्टाच्या हुकमाने एकत्र झालेल्या राज्याच्या पब्लिक हायस्कूलमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. लिटल रॉकच्या नऊ जणांतल्या अर्नेस्ट ग्रीनच्या एक वर्ष आधी. मात्र समारंभानंतर गाउन परत करायला गेला तर तिथे दिवे घालवून त्याला मारलं. तो पुन्हा त्या शाळेकडे फिरकला नाही, अनेक वर्षं. नॅशव्हिलला टेनेसी स्टेट विद्यापीठात शिकला आणि राज्य सरकारच्या समाजकल्याण खात्यात नोकरी केली. १९५८ मध्ये गेल अॅन एप्स उत्तीर्ण झाली, मुलींमधली पहिली.

---

आर्कान्सावासी

या शाळेत बॉम्बस्फोटही झाला होता ना? मी कुठेतरी ओझरतं वाचलंय.

---

नदीकाठ

हो, आणि ते तुमच्या हरवलेल्या वर्षाशी नेमकं जुळतं. ५ ऑक्टोबर १९५८, रविवार, पहाटे. डायनामाइटचे एकापाठोपाठ तीन स्फोट. शाळेचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. रविवार असल्याने कोणी दगावलं नाही. या गुन्ह्याबद्दल आजतागायत कोणालाही शिक्षा झालेली नाही.

तुमच्याकडे त्या वेळी धडधाकट इमारती कुलूपबंद होत्या. इकडे इमारतच उरली नव्हती. काउंटीच्या लोकांपुढे चांगली सबब होती : आता कुठे शिकवणार, थांबू या वर्षभर. त्यांनी ती घेतली नाही. ओक रिजमध्ये लिंडेन नावाची प्राथमिक शाळा रिकामी पडून होती. ओक रिजच्या लोकांनी ती झाडूनपुसून, रंगरंगोटी करून, बाकं लावून दिली आणि त्याच आठवड्यात क्लिंटनच्या मुलांना घेऊन बस तिथे पोचल्या. बस येताना ओक रिज हायस्कूलच्या बँडने क्लिंटन हायस्कूलचं शाळागीत वाजवलं. मैदानावरच्या प्रतिस्पर्धी शाळेचं गीत, आपल्या वाद्यांवर! हे वाचलं तेव्हा मला भरून आलं, कारण हायस्कूलच्या पोरांमधली फुटबॉलची ईर्षा काय असते ते मी घरात बघते.

नव्या इमारतीसाठी पत्रकार ड्रू पिअर्सन यांनी देशभर निधी गोळा केला. डिसेंबर १९५८ मध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहम क्लिंटनला येऊन बोलून गेले. १९६० मध्ये शाळा आपल्या जागी परत उघडली.

---

गणूमास्तर

बाकं प्राथमिकची असणार. बारावीच्या मुलांचे गुडघे मावले नसतील त्यात. तरी तास झाले, हे महत्त्वाचं. आमच्याकडे पुरात शाळा गेली होती तेव्हा देवळाच्या ओवरीत वर्ग भरवले होते. मुलं एक आठवडा घरी बसली की त्यातली चार-पाच परत येत नाहीत, हा माझा अनुभव. शाळा मोडणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून ते इमारतीवर घाला घालतात.

---

सह्यगिरी

पुढच्या उन्हाळ्यात स्मोकी माउंटनला यायचं ठरतंय. क्लिंटनला बघण्यासारखं काय आहे?

---

नदीकाठ

नॉक्सव्हिलपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, वाट वाकडी करून जरूर या. टेकडीवरच्या ग्रीन मॅकॅडू शाळेत २००६ पासून संग्रहालय आहे. समोर बाराही जणांचे पूर्णाकृती ब्राँझचे पुतळे, रांगेत शाळेकडे निघालेले, हातात पुस्तकं. आत तेव्हाचा वर्ग तसाच मांडलाय आणि सगळी हकिगत तारखेनुसार लावलेली आहे. तिथून उताराने खाली चालत जा, मुलं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने. हायस्कूल आता दुसऱ्या जागी गेलंय. जुन्या जागेवर आज मिडल स्कूल आहे, त्यामुळे शाळा चालू असताना आवारात शिरू नका. नॉरिसचं धरण आणि अॅपालेचिया संग्रहालयही जवळच आहे, एका दिवसात सगळं होतं. यायच्या आधी वेळ तपासून घ्या.

---

माणदेशी

ताई, एक विनंती. तुमच्या मुलीच्या पुस्तकात एक ओळ आहे म्हणालात. तिच्या इतिहासाच्या शिक्षकांशी बोलून वर्गाची एक सहल तिथे नेता आली तर बघा. पुस्तक बदलायला वर्षं लागतील, सहल या वर्षी होईल.

---

नदीकाठ

माणदेशी, पुढच्या आठवड्यात पालक-शिक्षक भेट आहे. विषय काढते आणि काय झालं ते इथेच कळवते.